तेरा निवडणुका, एक तालुका

गणपतराव आबाजी देशमुख सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. पहिल्यांदा १९६२ मध्ये, शेवटी २०१४ मध्ये. पहिल्या वेळी ते पस्तिशीत होते, शेवटच्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. मतदारसंघ तोच राहिला आणि पक्षही तोच राहिला, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला शेकाप. तालुक्यात लहानथोरांसाठी ते ‘आबासाहेब’ होते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांतून एकच चित्र पुन्हा पुन्हा उमटले. एसटीने फिरणारा, साध्या राहणीचा, पक्ष न बदललेला आमदार. चित्र खोटे नाही. पण एवढ्या निवडणुका कशा जिंकल्या गेल्या, ते त्यावरून कळत नाही. साधे राहून अनामत रक्कम घालवलेले उमेदवार महाराष्ट्रात थोडे नाहीत, आणि शेकापशी जन्मभर निष्ठा ठेवूनही विधानसभेची पायरी न चढलेले कार्यकर्ते तर गावोगाव सापडतील. या कारकिर्दीचे कोडे चारित्र्यात शोधण्यापेक्षा तालुक्यात शोधलेले बरे. देशमुखांचे बळ तिथे होते आणि त्यांच्या राजकारणाची मर्यादाही तिथेच होती.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर गावचा. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. तालुक्याच्या कोर्टातील वकिली हे त्या काळी राजकारणाचे चांगले शिक्षण होते. बांधाची भांडणे, सावकाराचे कागद, वाटपाचे दावे घेऊन येणारा पक्षकार हा पुढे मतदार होतो, आणि वकिलाला गावाची वंशावळ पाठ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याचे दावेही गावोगाव उभे राहिले. जमीन कोणाची, हा प्रश्न तेव्हा सभेतल्या घोषणेपुरता नव्हता. तो तहसील कचेरीतल्या तारखांचा प्रश्न होता.

ज्या पक्षात ते गेले तो काँग्रेसमधूनच फुटलेला होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी १९४७-४८ मध्ये तो उभा केला, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवादी वळण दिले. बहुजन शेतकऱ्याचा पक्ष आणि मार्क्सवादाचा पक्ष या दोन ओळखींची सांगड त्याला कायमची जड गेली. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने पुढे आणखी कितीतरी जणांना ओढून नेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्षाला नवी उभारी मिळाली होती, पण १ मे १९६० ला राज्य झाले आणि लढ्याचा विषयच संपला. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या. शेकापला १५ मिळाल्या, आणि तेवढ्यावर तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. त्या पंधरांत सांगोल्याचे नवे आमदार होते.

वर्षही असे की विरोधी आमदाराची गोची व्हावी. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. रस्ता, शाळा, विहीर, शिक्षकाची बदली हे सारे जिल्ह्याच्या हाती आले, आणि जिल्हा काँग्रेसच्या हाती होता. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ अशी सत्तेची दुसरी फळीही याच काळात बांधली जात होती. पश्चिम महाराष्ट्रात या व्यवस्थेबाहेर राहून दहा वर्षे टिकणे अवघड होते. देशमुख जवळपास साठ वर्षे टिकले.

याचे एक कारण सांगोल्याच्या मातीत आहे. तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माण नदी नावापुरती. ज्वारी, बाजरी, मेंढरे आणि दर काही वर्षांनी दुष्काळी कामे, असे इथले अर्थशास्त्र. जिथे पाणी होते तिथे ऊस आला, उसामागे कारखाना आला आणि कारखान्यामागे काँग्रेसचा पुढारी आला. पाणी नव्हते तिथे ही साखळी घट्ट बसली नाही. कोरडवाहू तालुक्यात विरोधी राजकारणाला जी जागा उरली, ती देशमुखांनी व्यापली.

दुसरे कारण जातीचे, आणि ते टाळून चालणार नाही. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि देशमुख त्याच समाजाचे होते. मराठा नेतृत्वाच्या जिल्ह्यात धनगर आमदार सतत निवडून येतो, यात समाजाच्या एकजुटीचा वाटा निश्चित आहे. पण एकट्या जातीने हिशेब जुळत नाही. १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये तालुक्याची जातरचना बदललेली नव्हती, तरी दोन्ही वेळा ते पडले. १९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. पाठीशी असलेल्या जातीमुळे लढत सुरू करण्याची जागा चांगली मिळते, निकाल मात्र उरलेल्या मतांवर लागतो. ती उरलेली मते दर पाच वर्षांनी नव्याने जुळवावी लागत.

१९७२ चा पराभव चमत्कारिक वेळी झाला. बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा लाटेत शेकाप एकोणीसवरून सातवर आला आणि देशमुखही गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्त्यांची माती अशा कामांवर लाखो माणसे आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात तावून सुलाखून निघाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सांगोल्यासारख्या तालुक्यात या कायद्याचे मोल वेगळे होते. काम मिळणे ही आता पुढाऱ्याची मेहेरबानी राहिली नाही, ती मागणी झाली, आणि मागणी संघटित करणे हे डाव्या पक्षाला जमण्यासारखे काम होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत देशमुख परत आले आणि १९९५ पर्यंत हलले नाहीत. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने राज्य पादाक्रांत केले, तेव्हाही सांगोला त्यांच्याकडेच राहिले.

विरोधी बाकावरचा आमदार नेमके काय करू शकतो, याविषयी मराठी वाचकाची कल्पना बरीच ढोबळ असते. सत्तेत नसेल तर निधी नाही, निधी नसेल तर काम नाही, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि पुढे पक्षांतराचे समर्थनही त्यावरच केले जाते. विधिमंडळाची यंत्रणा याहून गुंतागुंतीची आहे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरासाठी मंत्रालय जिल्हाधिकाऱ्याकडे माहिती मागते, जिल्हाधिकारी तहसीलदाराकडे, तहसीलदार तलाठ्याकडे. सहा महिने न हललेली फाइल या एका प्रश्नासाठी हलते. उत्तर असमाधानकारक वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, तातडीचे असेल तर लक्षवेधी सूचना देता येते, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना मांडता येते. यातली एकही गोष्ट सरकार पाडत नाही. पण कोणत्या कालव्याचे काम कोणत्या किलोमीटरवर अडले आहे हे ज्याला पाठ आहे, अशा सदस्यासमोर मंत्री सैल उत्तर देताना दोनदा विचार करतो. पाच-सहा अधिवेशनांत हे कौशल्य येत नाही. त्याला दशके लागतात, आणि दीर्घ कारकिर्दीचा खरा उपयोग हाच आहे. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, आणि एखाद्या आश्वासनाची तारीख लक्षात असलेला माणूस विरोधी बाकावर तसाच बसलेला असतो.

सत्तेची पदे त्यांच्या वाट्याला आली, पण थोडी. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शरद पवारांनी जुलै १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनवले, त्यात ते मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसरी संधी १९९९ मध्ये आली, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. २००२ मध्ये रायगड जिल्ह्यात शेकाप आणि राष्ट्रवादी यांचे जमेनासे झाले, शेकापने पाठिंबा काढला आणि सरकार संकटात सापडले. सरकार तरले, सांगोल्याच्या आमदाराचे मंत्रिपद मात्र गेले. भांडण अलिबागकडचे आणि किंमत सांगोल्याने मोजली, असे म्हणता येईल. लहान पक्षाच्या मंत्र्याचे आयुष्य असेच असते. दोन्ही वेळची मंत्रिपदे मिळून चार वर्षांच्या आसपास भरतात. उरलेला सारा काळ विरोधी किंवा सत्तेबाहेरच्या बाकावर गेला. यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंतचे मुख्यमंत्री या काळात येऊन गेले.

या कारकिर्दीतले सर्वांत भरीव प्रकरण पाण्याचे आहे आणि ते विधानसभेच्या बाहेर घडले. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता, म्हणून त्याआधी हे पाणी अडवून वापरात आणणे राज्याला भाग होते. प्रश्न असा होता की हे पाणी नदीकाठच्या बागायती तालुक्यांनाच मिळणार, की दोनशे-तीनशे मीटर उंचावरच्या माणदेशालाही त्याचा वाटा मिळणार? वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवायला सुरुवात केली. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुके त्यात आले. श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर त्यात होते आणि गणपतराव देशमुखही होते. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबागणिक मिळावे, भूमिहीनालाही हिस्सा असावा, हा विचार तिथे पुढे आला.

यातील राजकीय बाजू अशी की नायकवडी स्वतः कृष्णाकाठचे होते, आणि परिषदेत बसणारे बरेच जण एकमेकांच्या विरोधात निवडणुका लढणाऱ्या पक्षांचे होते. पक्षाने जे देशमुखांना कधी दिले नाही ते या परिषदेने दिले. तालुक्याच्या सीमेपलीकडे जाणारे एक व्यासपीठ. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळ अशा उपसा सिंचन योजनांच्या कामाला वेग आला. कराडजवळच्या टेंभूतून उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याकडे आणायचे, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून कवठेमहांकाळ, जतमार्गे सांगोला-मंगळवेढ्याला न्यायचे, असा आराखडा. कामे वर्षानुवर्षे रखडली. पाणी आले तेव्हा वीजबिलाच्या थकबाकीने पंप थांबले, पुन्हा सुरू झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात सांगोल्यात चारा छावण्या उघडाव्याच लागल्या. तरीही कृष्णेचे पाणी माणच्या खोऱ्यात येणे ही गोष्ट १९६२ मध्ये वेड्यात काढली गेली असती, आणि ती प्रत्यक्षात आली. त्याचे श्रेय एकट्या आमदाराचे नाही. पण ज्यांनी पाण्याचा प्रश्न तीस वर्षे विझू दिला नाही, त्या मोजक्या माणसांत त्यांची गणना करावी लागते.

पाणी येईपर्यंत लोकांनी खायचे काय, याचे उत्तर दोन दिशांनी आले. एक डाळिंबाचे. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि कमी पाण्यावरचे हे पीक सांगोल्याच्या माळांवर पसरले. पुढे तेल्या आणि खोडकिडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तो इतिहास वेगळा. दुसरे उत्तर सूतगिरणीचे. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढणे हा हास्यास्पद बेत वाटला असता. देशमुखांच्या पुढाकाराने ती निघाली, चालली आणि तिच्यामागून महिलांची सूतगिरणीही आली. कच्चा माल बाहेरून आणायचा आणि रोजगार तालुक्यात ठेवायचा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, त्यामानाने सांगोल्याचे उदाहरण उठून दिसते.

इथे मात्र एका विसंगतीकडे डोळेझाक करता येत नाही. सहकारी संस्थांच्या आधाराने सत्ता टिकवणे, संस्थेतला रोजगार आणि मतपेटी यांचे नाते जपणे, ही तर काँग्रेसचीच पद्धत. शेकापच्या आमदाराने तिच्यावर टीका करत करत तीच लहान प्रमाणात उभी केली, असे कोणी म्हटले तर ते पूर्ण चूक ठरणार नाही. फरक उद्देशाचा होता आणि हिशेबाच्या चोखपणाचा होता, यंत्रणेचा नव्हता. दाभाडी प्रबंधातला वर्गसंघर्ष सांगोल्यात येईपर्यंत सूतगिरणी, पाणी परिषद आणि तहसील कचेरीवरचा मोर्चा यांत विरघळला होता. पक्षाच्या सिद्धांतावर निष्ठा ठेवणाऱ्याला याचे वाईट वाटेल. मतदाराला ते वाटले नाही.

अकरा या आकड्याचे कौतुक करताना थोडी सावधगिरी हवी. महाराष्ट्रापुरता तो विक्रम आहे. देशाचा म्हणून सांगितला जातो तेव्हा गडबड होते. तमिळनाडूत एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, मात्र मतदारसंघ बदलत. केरळात के. एम. माणी १९६५ पासून पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले, मात्र त्यांचा केरळ काँग्रेस पक्ष वारंवार फुटला आणि जुळला. आमदारकीच्या एकूण वर्षांचेही निरनिराळे आकडे सांगितले जातात. १९६२ ते १९७२, १९७४ ते १९९५ आणि १९९९ ते २०१९ अशी साधी बेरीज केली तर सुमारे एक्कावन्न वर्षे भरतात. तेवढी पुरेशी आहेत.

याहून बोलके उदाहरण शेजारच्या गोव्यातले. प्रतापसिंह राणे यांनीही १९७२ ते २०१७ या काळात अकरा निवडणुका जिंकल्या, सत्तरी आणि पुढे पर्ये मतदारसंघातून, आणि ते एकदाही हरले नाहीत. पहिली निवडणूक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची, नंतर काँग्रेस. ते अनेकदा मुख्यमंत्री झाले, सभापती झाले. दोघांचा आकडा एक, पण रस्ते उलटे. राण्यांकडे सत्तरीतले जुने घराणे होते आणि राज्याची सत्ता बहुतांश काळ हाताशी होती. देशमुख पेनूरहून आलेले वकील, त्यांच्यामागे घराणे नव्हते आणि सरकारही क्वचितच होते. दीर्घ आमदारकी म्हटले की एकाच प्रकारचे राजकारण डोळ्यांपुढे येते. या दोघांकडे पाहिले की ते चूक आहे हे लक्षात येते.

देशमुख सांगोल्यात टिकले आणि त्यांचा पक्ष त्यांच्याभोवती आटत गेला. १९६७ ला एकोणीस जागा, १९८५ ला तेरा, १९९० ला आठ, १९९५ ला सहा, १९९९ ला पाच, २००४ ला दोन. २००९ ला चार झाल्या, २०१४ ला तीन. त्या तीनपैकी दोन रायगडच्या होत्या आणि एक सांगोल्याची. मराठवाड्यातले आणि विदर्भातले जुने बालेकिल्ले ढासळले होते. पक्ष राज्याचा न राहता दोन खोऱ्यांचा झाला होता. याला देशमुख जबाबदार होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. काँग्रेसची बेरीज, शरद जोशींची शेतकरी संघटना, नंतर शिवसेना-भाजप या सगळ्यांनी शेकापचा शेतकरी वाटून घेतला. पण ज्या गुणाने देशमुख जिंकले तो गुण पक्षाला वाढवणारा नव्हता, हेही खरे. गावागावातल्या माणसाला नावाने ओळखणे, लग्न-मयतीला हजर राहणे, एका तालुक्याच्या पाण्यासाठी आयुष्य घालणे, यांतले काहीही बीडला किंवा परभणीला नेऊन लावता येत नाही. राज्यभर फिरणारा नेता असता तर १९२ मतांनी नव्हे, मोठ्या फरकाने पडला असता. फिरला नाही म्हणून पक्षाला राज्यभर नेता मिळाला नाही.

२०१४ ला त्यांनी शहाजीबापू पाटलांना सुमारे पंचवीस हजार मतांनी हरवले. हेच पाटील १९९५ ला काँग्रेसकडून त्यांना हरवून गेले होते आणि आता शिवसेनेत होते. पुढे २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे ते महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. सांगोल्याची लढत तीस वर्षे याच दोन बाजूंत होती. एका बाजूचा पक्ष बदलत राहिला, दुसऱ्या बाजूचा बदलला नाही, आणि मतदाराने मोठा काळ हा फरक ध्यानात ठेवला.

२०१९ मध्ये वयामुळे देशमुखांनी निवडणूक लढवली नाही. उमेदवारीचा प्रश्न उभा राहिला आणि घराणेशाहीला विरोध करणाऱ्या पक्षाची कसोटी लागली. आधी घराबाहेरचे नाव जाहीर झाले. कार्यकर्त्यांनी ते मानले नाही, आणि अखेर नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. हा निर्णय देशमुखांनी घरासाठी घेतला असे दिसत नाही. कार्यकर्त्यांना पक्ष आणि आबासाहेब या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नव्हत्या, म्हणून तो त्यांच्याकडून घेतला गेला. पन्नास वर्षे एका माणसाभोवती उभे राहिलेले संघटन त्याच्यानंतर रक्ताच्या नात्याकडे वळते, मग त्याची पोथी कोणतीही असो. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. शेकापची त्या वर्षीची एकमेव जागा नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची होती, आणि १९९९ नंतर प्रथमच विधानसभेत सांगोल्याचा शेकाप आमदार नव्हता.

२०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. महाविकास आघाडीतल्या मित्रपक्षाचाही उमेदवार समोर होता, म्हणजे लढत तिरंगी. बाबासाहेब जिंकले, शहाजीबापू हरले. २८८ जणांच्या सभागृहात शेकापचा एकच सदस्य निवडून आला आणि तो सांगोल्याचा आहे.